मदत हवी आहे: दुसऱ्या महायुद्धातलं ए-२ फ्लाइट जॅकेट (अमेरिकन विमानदळाचं, कातडी), मूळ मालक कसा शोधावा? (कोल्हापूर)

भंगारातलं_सोनं
जॅकेट कोल्हापुरात आहे. सोबत एकही कागद नाही, म्हणून जे दिसतं तेवढंच लिहितो.

कॉलरखाली लेबल: टाइप ए-२, ड्रॉइंग नं. ३०-१४१५, ऑर्डर नं. ४२-१४०१-पी, रफ वेअर क्लोदिंग कंपनी. चेन टॅलन कंपनीची. डाव्या छातीवर नावपट्टीची भोकं आहेत, पट्टी गायब. त्याखाली सुमारे ५ इंचाचा गोल, आजूबाजूच्या कातड्यापेक्षा गडद. डाव्या खांद्यावर ढालीच्या आकारात टाक्यांची भोकं. अस्तरावर लेबलच्या खाली पुसट शिक्का: के-३?०८. दुसरा अंक वाचता येत नाही.

यावरून नाव निघेल का? आणि कातडं फार कोरडं पडलंय, चप्पल लाइनीत नेऊन तेलपाणी करून घेऊ का?

दोरा_सुई
तेल नको! निदान आत्ता तरी नको. तेल मुरलं की सगळं कातडं एकसारखं गडद होतं आणि तो ५ इंचाचा गोल कायमचा जातो. तो गोल म्हणजे स्क्वाड्रनचा (विमानांच्या तुकडीचा) बिल्ला होता त्या जागेची सावली आहे. बिल्ल्याखालचं कातडं उन्हाने विटलं नाही. वर तेल अस्तरात उतरलं तर शिक्काही गेला. चप्पल लाइनीतल्या कारागिरांच्या हाताबद्दल शंका नाही, पण त्यांचं काम चप्पल टिकवणं, तुमचं काम पुरावा टिकवणं. पावसाळ्यात बुरशी येईल, ती कोरड्या मऊ ब्रशने झटका. जाड हँगर वापरा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

आधी अस्सल आहे का ते बघा. नकला करणारे हेच लेबल, हाच ऑर्डर नंबर हुबेहूब छापतात, त्यामुळे लेबल हा पुरावा नव्हे. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या आणि अंधारात लेबल, शिलाईचा दोरा, अस्तर पाहा. निळं-पांढरं झगझगीत चमकलं तर ते बहुतेक अलीकडचं. मग आतल्या शिवणीतला सुटलेला दोरा अर्धा सेंटीमीटर कापून जाळा. सुती दोरा जळून राख होते. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. मात्र चेन आणि विणलेले कफ नंतर बदलणं अगदी सर्रास चालायचं, तेवढ्यावरून जॅकेट बाद करू नका.

नंबरवाला
ऑर्डर नंबरातला ४२ म्हणजे १९४२चं अमेरिकन सरकारी आर्थिक वर्ष. माल कधी शिवायला दिला ते त्यावरून कळतं, कोणी घातला ते नाही.

कामाचा आहे तो शिक्का. अमेरिकन लष्करात धोबीखान्यासाठी कपड्यावर आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिकाच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार अंक मारत. तुमचा माणूस 'के'पासून सुरू होणाऱ्या आडनावाचा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने भरतीच्या सुमारे ९० लाख नोंदी खुल्या केल्या आहेत. 'इलेक्ट्रॉनिक आर्मी सिरियल नंबर मर्ज्ड फाइल' शोधा आणि पूर्ण उतरवून घ्या. एक्सेलमध्ये उघडायला जाऊ नका, तिथे १०,४८,५७६ ओळींना कुंपण आहे. साध्या मजकूर-शोधाने ओळी गाळा: पहिल्या ८ जागा सिरियल नंबरच्या, नवव्या जागेपासून आडनाव. म्हणजे ५ ते ८ या जागांवर ३, कोणताही अंक, ०, ८ आणि नवव्या जागेवर के.

हिशेब असा: शेवटचे चारही अंक जुळणाऱ्या ओळी साधारण ९००. त्यात 'के'वाले शंभरात तीन-चार धरले तर तीसेक. तुमचा एक अंक गायब, म्हणून दहापट: तीनशेच्या आसपास. तो एक अंक वाचणं किती मोलाचं आहे ते बघा.

आणि खरी गोम पुढेच आहे. पायलट, नॅव्हिगेटर, बॉम्बार्डियर हे बहुतेक अधिकारी. त्यांचा नंबर ओ अक्षराने सुरू होणारा, वेगळाच. आधी शिपाई म्हणून भरती झालेल्याची नोंद या फाइलीत सापडते, पण जुन्या नंबराने. शिक्का ओ-नंबरचा असेल तर इथे जुळणारी सगळी नावं चुकीचीच असतील. गनर किंवा रेडिओवाला असेल तर जमलं. शिवाय ही फाइल पंचकार्डांच्या मायक्रोफिल्मवरून मशीनने वाचलेली, अंक चुकलेले असतात.

म्हणून नावाआधी युनिट शोधा. खांद्यावरच्या बिल्ल्याच्या आकारावरून ते कळू शकतं, तर तिथली भोकं बटर पेपरवर टिपून मापं इथे टाका.

पंचगंगेकाठी
वळीवड्याला पोलिश लोकांचा कॅम्प होता ना? तिथलं असेल.

नंबरवाला
कोल्हापुरात जुनी परदेशी वस्तू निघाली की वळीवडं आठवतंच. पण १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले ते निर्वासित, बायका-मुलं जास्त, सुमारे पाच हजार. अमेरिकन विमानदळाचं तिथे काही नव्हतं. युद्धानंतर अमेरिकन सरप्लस माल भारतात डिस्पोजलमध्ये विकला गेला, तो रस्ता जास्त पटण्यासारखा.

भंगारातलं_सोनं
दोरा जळून राख झाला, यूव्हीखाली काही चमकलं नाही. खांद्यावरची ढाल ५.७ सेंमी रुंद, ७.५ सेंमी उंच. अंक यूव्हीतही दिसत नाही.

दोरा_सुई
नाइट व्हिजनवाला सीसीटीव्ही कॅमेरा मिळवा. खोली पूर्ण अंधारी करा, दोन-अडीच फुटांवरून थोडा तिरका धरा. समोरून धरला तर मधोमध पांढरा भगभगीत गोळा येतो. इन्फ्रारेडमध्ये अस्तराचा रंग फिका पडतो आणि शाईत काजळी असेल तर अंक काळे उठतात.

नंबरवाला
ढालीचं माप चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीच्या बिल्ल्याशी जुळतं: वर निळ्यात चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली तांबडे-पांढरे उभे पट्टे. पण ढालीचे बिल्ले इतरही आहेत, त्यामुळे हे 'बहुतेक'च समजा.

या आघाडीवरच्या बेपत्ता विमानांचे एमएसीआर (मिसिंग एअर क्रू रिपोर्ट) अहवाल चाळा. १९४३ पासूनचे आहेत, प्रत्येकात कर्मचाऱ्यांची नावं पूर्ण नंबरांसह, अधिकाऱ्यांचे ओ-नंबरही. विमान परत आलं असेल तर तिथे काही मिळणार नाही. मग स्क्वाड्रनचे मॉर्निंग रिपोर्ट (माणसांच्या रोजच्या नोंदी), ते अमेरिकेत सेंट लुईसच्या अभिलेखागारात. सैनिकाच्या वैयक्तिक फाइलीवर भिस्त ठेवू नका. १२ जुलै १९७३च्या आगीत तिथल्या १९१२ ते १९६० मधल्या लष्करी फाइलींपैकी ८० टक्के जळाल्या, आणि युद्धकाळातलं विमानदळ लष्करातच मोडायचं.

भंगारातलं_सोनं
सीसीटीव्हीने काम केलं. अंक ६ आहे. के-३६०८.

नंबरवाला
छान, तीनशेचे तीसेक झाले. यादी गाळा, पण नावं इथे टाकू नका आणि कुणाच्या नातवंडांना पत्रंही धाडू नका. तेच नाव पूर्ण नंबरासह या आघाडीच्या एखाद्या युनिटच्या कागदात दिसलं तरच पुढे जायचं.