मदत हवी आहे: पोस्टरच्या मागचं माहितीपत्रक घडी घातल्यावर उलटं येतंय

वेलांटी
अक्षररचनेवरच्या दोन दिवसांच्या कार्यक्रमासाठी एकच कागद करायचा आहे. एका बाजूला पोस्टर, दुसऱ्या बाजूला माहितीपत्रक, घडी घालून हातात मावेल असा. पोस्टरची बाजू तयार आहे. मागे आठ पॅनल आखले, मजकूर टाकला, प्रिंट काढून घडी घातली तर मुखपृष्ठ आत गेलं आणि वेळापत्रक खाली डोकं वर पाय. क्रम तीनदा बदलला, दरवेळी दुसरंच काहीतरी उलटतंय. बरोबर क्रम कोणता? फाइल परवा द्यायची आहे, तेव्हा "आधी ग्रिड म्हणजे काय ते समजून घ्या" छापाचे प्रतिसाद नकोत.

घडीमोड
क्रम कशावरून सांगणार? आठ पॅनल कितीतरी तऱ्हांनी पडतात. कागदाचं माप काय? पोस्टर उभं की आडवं? बंद केल्यावर उभं हवं की आडवं? पहिली घडी कुठली? कागद किती जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅमचा? प्रती किती?

रफार
दोन्ही एकाच कागदावर हा हट्टच चुकीचा आहे. पोस्टर भिंतीवर लागलं की वेळापत्रक भिंतीकडे तोंड करून बसतं. ज्याला सत्राची वेळ बघायची त्याने पोस्टर उचकटायचं का? पोस्टर वेगळं छापा, माहितीपत्रक ए४ तीनपानी करा. २९७ मिमीचे १००, १०० आणि ९७ असे भाग पाडा, आत जाणारा भाग ९७चा. तिन्ही ९९चे केलेत तर आतलं पान घडीत अडकून फुगतं.

वेलांटी
रफार, एकच कागद हे ठरलेलं आहे, ते माझ्या हातात नाही. घडीमोड, ए२ आहे. पोस्टर उभं, बंद केल्यावर ए५, तेही उभंच. घडी काय, मधोमध, परत मधोमध, परत मधोमध. कागद चांगला जाड घेणार.

घडीमोड
हे आधी लिहिलं असतंत तर दोन प्रतिसाद वाचले असते. असो.

उभा ए२ म्हणजे ४२० × ५९४ मिमी. तुमच्या तीन घड्यांनी त्यावर दोन रकाने आणि चार ओळी पडतात, आणि प्रत्येक पॅनल २१० रुंद, १४८.५ उंच म्हणजे आडवं होतं. उभं ए५ हवं तर मागची अख्खी बाजू पोस्टरच्या तुलनेत ९० अंशांनी फिरलेली हवी. म्हणून माहितीपत्रक ५९४ × ४२० अशा आडव्या कागदावर रचा: चार रकाने, दोन ओळी. नुसता क्रम बदलून हे कधीच सुटणार नाही, कारण चूक क्रमात नसून पॅनल फिरवण्यात आहे.

आता तुमच्याच घड्या. माहितीपत्रकाची बाजू तुमच्याकडे ठेवा आणि तिन्ही घड्या मागे घाला. आधी डावा अर्धा भाग मागे, मग वरचा अर्धा भाग मागे, मग पुन्हा डावा भाग मागे. असं केल्यावर:

उजव्या दोन रकान्यांतली खालची ओळ: डावीकडे मलपृष्ठ, उजवीकडे मुखपृष्ठ. दोन्ही सरळ.
उजव्या दोन रकान्यांतली वरची ओळ: मुखपृष्ठ उघडल्यावर दिसणारी जोडी. ही दोन्ही पॅनल १८० अंशांत फिरवायची. कागदावर पाहाल तर जोडीतलं डावं पान उजव्या कडेला येतं, ते तसंच बरोबर आहे.
डाव्या दोन रकान्यांतली चारही पॅनल: सरळ. जोडीचा भाग वर उचलला की २९७ × ४२० ची ही मोठी जागा एकदम समोर येते. वेळापत्रक इथे टाका.

आठातली दोनच उलटी. विश्वास ठेवू नका, कोरा कागद घेऊन घड्या घाला, बाहेरून आत उघडत जाताना प्रत्येक पॅनलवर आकडा आणि वरच्या दिशेचा बाण काढा आणि मग कागद पूर्ण उलगडा. समोर जे दिसेल तोच तुमचा आराखडा.

काना_मात्रा
घडीमोड यांचा आराखडा बरोबर आहे, पण ही घडीच टाळा. तिसरी घडी चार थरांतून जाते. त्यापेक्षा आधी आडव्या मधल्या रेषेवर वरचा भाग मागे टाका आणि मग ५९४ ची लांब पट्टी पंख्यासारखी झिगझॅग मोडा. एकही घडी दोन थरांच्या वर जात नाही. पॅनल सारखीच १४८.५, कुठलंही लहान करायची गरज नाही.

क्रम मात्र बदलतो. खालच्या ओळीत डावीकडून मलपृष्ठ, दोन आतली पानं, शेवटी मुखपृष्ठ. वरची पूर्ण ओळ उलटी. मुखपृष्ठ डाव्या टोकाला ठेवलंत तर ते उर्दू पुस्तकासारखं उजव्या कण्यावर उघडेल, हा घोळ हमखास होतो.

घडीमोड
झिगझॅगमध्ये वेळापत्रकाला २१० उंचीची पट्टीच मिळते. दोन दिवस, त्यात समांतर सत्रं असतील तर तक्ता पट्टीत मावत नाही. शिवाय उभ्याने वाचणारा माणूस सहा-सात सेंटिमीटर उघडून डोकावतो, पंखा हातातून सुटून खाली लोंबतो.

काना_मात्रा
आणि तुमच्या घडीत कोपऱ्यावर सुरकुती पडते ती? बंद बाजूला हवा अडकते आणि आतला थर मुरडतो. यंत्रावर घडी घालायची तर दुसऱ्या घडीच्या रेषेवर परफोरेशन, म्हणजे बारीक छिद्रं, मारून हवेला वाट द्यावी लागते.

घडीमोड
१०० जीएसएमला हाताने घडी घातली तर नाही पडत. हाडाच्या पट्टीने मध्यापासून बाहेर दाबायचं, बाहेरून आत नाही.

शिळाप्रेस
१०० जीएसएम? पोस्टर आहे ना ते! १७० चा ग्लॉसी आर्ट पेपर घ्या आणि आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच, करून घ्या. रंग उठून दिसतील.

काना_मात्रा
शिळाप्रेस, क्रीझिंग कुठे करणार? दुमडलेल्या कागदावर पुन्हा घडी घातली की एकाच रेषेचा अर्धा भाग बाहेर वळतो आणि अर्धा आत. उलगडलेल्या कागदावर सरळ पट्टीने क्रीझ मारलीत तर अर्ध्या रेषेवर ती चुकीच्या बाजूने असेल आणि नेमका तिथेच कोटिंगचा थर फुटून पांढरी भेग दिसेल. १७० च्या कागदाचे चार थर एकत्र मोडतच नाहीत, गोलाई राहते आणि माहितीपत्रक टेबलावर आपोआप उघडतं. कोटिंग नसलेला १०० ते १२०, विषय संपला. आणि ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, ४२० च्या बाजूला समांतर मागा, कारण तीन घड्या त्याच दिशेत आहेत. ग्रेन ओळखायचा तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो ती ग्रेनची दिशा.

शिळाप्रेस
१०० वर पोस्टरचं काळं मागे दिसणार. ते कोण निस्तरणार?

घडीमोड
हे मात्र खरं. वेलांटी, पोस्टरवर मोठा भरीव काळा भाग आहे का? असेल तर १२० घ्या, आणि मागचा बारीक मजकूर त्या भागाच्या पाठीवर येत नाही ना ते दोन्ही प्रिंट उजेडासमोर धरून बघा. काळा चार रंगांत केला असेल तर सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा ६०/४०/४०/१०० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. माहितीपत्रकाचा मजकूर मात्र फक्त १०० टक्के काळ्यात, नाहीतर रंग जरा हलला की मात्रांना कडेने लाल-निळी झालर येते.

नुक्ता
फाँट कोणता वापरलाय? मराठी मजकूर असेल तर पानरचनेच्या सॉफ्टवेअरमधल्या कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषा मराठी निवडा. फाँटात सोय असेल तर ल आणि श आपोआप मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे राहतात. इनडिझाइनमध्ये कंपोझर, म्हणजे ओळी रचणारी सोय, 'वर्ल्ड-रेडी' हवा, साध्या कंपोझरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. स्क्रायबस असेल तर १.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. "तऱ्हा", "दुसऱ्या", "वाऱ्यावर" हे शब्द टाइप करून बघा, काही फाँटांत ऱ्य आणि ऱ्ह पाय मोडलेले दिसतात. टिरो देवनागरी मराठी सुरेख आहे, पण त्यात ठळक वजन नाही. वेळापत्रकात ठळक-बारीक फरक लागतो, तिथे मुक्ता बरा, त्यात सात वजनं आहेत. ओळींतलं अंतर दीडपट धरा, ९.५ पॉइंटला १४. रोमन मजकुराच्या हिशेबाने ११.५ ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो.

रफार
माझ्यात कोण घुसतंय? :)

अर्धचंद्र
अवांतर: "फाँट" काय म्हणता सारखे? टंक हा शब्द आहे.

नुक्ता
टंक म्हणजे नाणंही आणि छिन्नीही. मग 'टंक बदला' म्हटलं की कोण काय बदलेल? अक्षरसंच म्हणा हवं तर.

अर्धचंद्र
अक्षरसंच म्हणजे कॅरेक्टर सेट. तो वेगळा.

वेलांटी
फाँटबद्दल मी विचारलंच नव्हतं. पण वक्त्यांच्या परिचयात "दुसऱ्या" तीन ठिकाणी तुटलेला निघाला, तेव्हा नुक्ता यांना धन्यवाद. घडीमोड, कोऱ्या कागदावर बाण काढून पाहिले, जमलं. आता फक्त पीडीएफ द्यायची. छपाईवाल्याने विचारलं की २०० प्रती डिजिटलवर काढू का, हो म्हणू ना?

काना_मात्रा
दोनशे!! प्रती किती हे पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं हो.

नेहमीच्या डिजिटल यंत्रावर एसआरए३, म्हणजे ३२० × ४५० चा कागद लागतो. ए२ ला ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई, धरून ४२६ × ६०० लागतात, ते एसआरए२ वर, ४५० × ६४० मध्ये बसतात. तसं यंत्र नसेल तर तो मोठ्या इंकजेट रोलवर काढेल. ते बहुधा एकाच बाजूने छापतात. उलटून दुसऱ्यांदा घातलं की मागची बाजू दोन-तीन मिलिमीटर सरकते आणि घडी पॅनलच्या मजकुराला चाटून जाते. ऑफसेटला प्लेटी कराव्या लागतात, २०० प्रतींसाठी तो उपद्व्याप परवडत नाही. ए३ करा, बंद केल्यावर ए६.

वेलांटी
म्हणजे फाइल ७० टक्के करून दिली की झालं?

घडीमोड
नाही! ए२ चा ए३ म्हणजे ७०.७ टक्के. तुमचा ९.५ पॉइंटचा मजकूर ६.७ होईल, अनुस्वार कागदावरचा ठिपका वाटेल. पोस्टरची बाजू लहान केलीत तर चालेल. माहितीपत्रक नव्याने १०५ × १४८.५ च्या पॅनलांत ओता: समास ८ मिमी, म्हणजे ओळ ८९ मिमीची, मजकूर ९ वर १३.५. मजकूर मावला नाही तर वक्त्यांचे परिचय कापा, अक्षर नाही. आराखडा तोच, दोन पॅनल उलटी.

दोन गोष्टी विसराल म्हणून: पीडीएफची दोन्ही पानं उभी, २९७ × ४२० द्या, मागचं पान तुम्हीच ९० अंशांत फिरवून. एक उभं आणि एक आडवं दिलंत तर यंत्र आपल्या मर्जीने फिरवतं. डावीकडे फिरवा की उजवीकडे, घडीला फरक पडत नाही, फक्त ठरवायचं तुम्ही. आणि घडीच्या खुणा कागदाच्या कडेबाहेर, ब्लीडच्या पलीकडे. आत बारीक रेघ ठेवलीत तर ती छापली जाते.

शिळाप्रेस
डिजिटलला टोनर कागदाच्या वर बसतो, मुरत नाही. भरीव रंगावरून घडी गेली की पापुद्रा निघतो. आता बोला १२० जीएसएम.

काना_मात्रा
१७० वर तो आणखी निघतो.

घडीमोड
वेलांटी, पोस्टरवर मधोमध काय आहे?

वेलांटी
एकच प्रचंड ळ. काळा. बरोब्बर मध्यावर.

घडीमोड
मग उभी घडी १४८.५ वर ळच्या दांडीतून लांबोलांब जाणार, आणि काळ्यात पांढरी चीर पडणार. दांडी किती जाड आहे?

वेलांटी
ए३ वर २० मिमी.

घडीमोड
अख्खा ळ १४ मिमी उजवीकडे सरकवा. दांडीची डावी कड घडीपासून ४ मिमी लांब जाईल आणि घडी डाव्या गाठीला आडवी छेदेल. आडव्या छेदात टोनर निघाला तरी ठिपक्याएवढा निघतो. आडव्या घड्या १०५, २१० आणि ३१५ वर आहेत. शिरोरेषा त्यांपैकी एकीवरही नको, किमान ८ मिमी वर किंवा खाली. घडी शिरोरेषेच्या नेमक्या कडेवर आली तर सगळ्यात वाईट, रेषा वाकडी छापल्यासारखी दिसते. मुखपृष्ठाच्या रंगाचा बदलही नेमका घडीवर ठेवू नका, घडी अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतेच. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एकाच रंगात घ्या.

वेलांटी
शिरोरेषा १०६ वर होती. ९० वर नेली. ळ सरकवल्यावर डावीकडे जागा उरली, तिथे तारखा उभ्या टाकल्या. १२० जीएसएम, कोटिंग नसलेला, एक नमुना प्रत आज संध्याकाळी मिळतेय. ती घडी घालून बघितल्याशिवाय बाकीच्या काढायला सांगणार नाही.

रफार
आणि भिंतीकडे तोंड केलेलं वेळापत्रक?

वेलांटी
पोस्टरच्या तळाला ३० मिमीची पट्टी घेतली. दिवस, सुरुवातीची वेळ, स्थळ. बाकी उचकटा.

मोडीवाला
वाचनखूण (वाखू) साठवली. एक शंका: असंच ए३ वर आठ पानांची छोटी पुस्तिका करतात ना, मध्ये चीर देऊन, ती कशी मोडायची?

काना_मात्रा
नवा धागा काढा. आणि प्रती किती ते पहिल्या ओळीत लिहा.