मदत हवी: फासे आपोआप थरांत लावणारी फिरती बरणी

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवतो. यंदाच्या प्रदर्शनात नववीच्या मुलांना एवढंच डोळ्यांनी दिसावं असं वाटतं: गोंद नाही, चुंबक नाही, तरी नुसत्या आकारामुळे वस्तू आपसूक ओळीत लागतात.

गोट्यांचं जमलंय. डब्यात ओतून हलवल्या की ६४ टक्क्यांच्या आसपास जागा भरून अडकतात, हातानं नीट रचल्या तर ७४ पर्यंत. त्याहून दाट रचना नाही हे केप्लरनं १६११ मध्ये म्हटलं, सिद्धता थॉमस हेल्सनं १९९८ मध्ये दिली.

अडलंय ते घनांपाशी. घन खरं तर सगळीच जागा भरू शकतात. पण बरणी वरखाली हलवली की फासे एकमेकांच्या कोपऱ्यांवर टेकून बसतात, मधे पेन्सिलचं टोक जाईल अशा फटी. २०१७ मध्ये स्पेन आणि मेक्सिकोच्या संशोधकांनी नळकांड्यात २५,००० छोटे फासे भरले आणि ते स्वतःभोवती उलटसुलट झटके देत फिरवलं. झटका गुरुत्व त्वरणाच्या निम्म्याहून जोराचा असला की सगळे फासे थरांत लागले! हलक्या झटक्यांनी काम फार रेंगाळतं.

माझी बरणी १० सेंमी व्यासाची, फासे अर्ध्या सेंमीचे. उद्यमनगरातून वायपरची जुनी मोटर दांड्यासकट आणली. सेकंदाला एक हेलकावा, दोन्ही बाजूंना ४५ अंश. हिशोबानं काठाशी त्वरण १.५५ मी/से² येतं, म्हणजे गुरुत्वाच्या जेमतेम सहावा हिस्सा. बरणी सव्वातीनपट रुंद घेतली तर त्वरण पुरेल, पण तेवढ्याच उंचीला फासे साधारण साडेदहापट लागतील, ते परवडणार नाही. वेग १.८ पट करायला ही मोटर तयार नाही.

दोन्ही टोकांना रबराचा अडथळा लावला तर झटका वाढेल का? गिअर प्लॅस्टिकचा आहे, तुटायची भीती वाटते. कुणी असं काही केलंय का?

प्रतिसाद:
सर, अडथळा लावाच, पण मोटरच्या दांड्याला नको. बरणी बेअरिंगवरच्या चकतीवर ठेवा, चकती रबरावर आपटू द्या आणि दांडा चकतीला स्प्रिंगमधून जोडा. चकती थांबली तरी दांड्याची उरलेली चाल स्प्रिंग पोटात घेईल, गिअर वाचेल. काठावर खूण करून मोबाईलवर स्लो मोशन घेतलंत तर झटका किती बसतो तेही मोजता येईल. फाशांचे कोपरे गोल आहेत की धारदार?