गायतोंडेंची चित्रं टीआयएफआरच्या आतच राहू द्यायची की बाहेर आणायची?

वऱ्हाडी_ठेचा: मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. चित्रकार वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४, आपल्या नागपूरचा (घराणं गोव्याचं, वाढला गिरगावात, हे माहितीये, आधीच भांडू नका). त्याची ऑइल पेंटिंग्ज कुलाब्याला टीआयएफआरमधे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहेत. संस्था उभारणाऱ्या होमी भाभांनी नेहरूंकडून परवानगी काढून संस्थेच्या बजेटचा १ टक्का चित्रांवर खर्च केला, म्हणजे पैसा शेवटी जनतेचाच ना? आणि आज बघायला जावं तर आधी परवानगी काढा, नाहीतर गेटवरूनच परत. माझं म्हणणं एवढंच की सीएसएमटी, मंत्रालय, नाहीतर नागपूरला अजब बंगल्यात (आमचं म्युझियम) लावा, लोकांना बघू द्या.

चाळकरी: सीएसएमटीला?? अहो २०१५ ला क्रिस्टीजच्या मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं, २०२५ ला सॅफ्रनआर्टकडे एक ६७ कोटींना. विमा कोण भरणार, स्टेशन मास्तर? आणि मंत्रालयाला २०१२ ला आग लागली होती, ती विसरलात वाटतं.

साधा_माणूस: मला एक कळत नाही, लावून तरी काय होणार. तिथेच फॉयरमधे हुसेनचं ४५ फुटी 'भारत भाग्यविधाता' आहे, त्यात निदान माणसं तरी दिसतात. गायतोंडेंचं म्हणजे एक रंग, त्यात तोच रंग जरा गडद, झालं. आमच्या ऑफिसात असलं लावलं तर लोक विचारतील भिंतीला ओल आलीये का.

रंगाचा_डबा: @साधा_माणूस, ओल 😀 बरं, पण तुम्ही फोटोच बघितलेत ना? फोटोत ते सपाटच दिसणार. तो माणूस रोलरने रंग चढवायचा, सुरीने काढायचा, परत चढवायचा, वर्षाला पाच-सहा चित्रं व्हायची जेमतेम, ते सगळे थर समोर उभं राहिल्यावर हळूहळू दिसायला लागतात. म्हणूनच मला टीआयएफआरची जागा बरोबर वाटते. म्युझियममधे माणूस चित्रासमोर अर्धा मिनिट थांबतो आणि पुढे. कॉरिडॉरमधे तेच चित्र तुम्ही रोज कॅन्टीनला जाताना बघता, वर्षानुवर्षं, एखाद्या दिवशी मूड वेगळा असतो आणि अचानक काहीतरी दिसतं.

वऱ्हाडी_ठेचा: मग हेच तर म्हणतोय मी! रोज जाता-येता बघायचं चित्र आहे तर ते फक्त शास्त्रज्ञांनीच का बघायचं, आरटीओच्या लायनीत उभ्या माणसाने काय घोडं मारलंय? त्याच्याकडे तर तीन-तीन तास असतात.

चाळकरी: आरटीओत 😂 आधी पंखा तर लावा म्हणा. सिरियसली, कॅनव्हासला दमट हवा, धूळ, ऊन सगळंच बाधतं, बुरशी धरते. टीआयएफआर पण समुद्राला लागूनच आहे, म्हणजे तिथेही जपायला लागतच असणार, पण निदान ते आपलं म्हणून जपतात. आणि लोकांसाठी एनजीएमए (सरकारी आधुनिक कला संग्रहालय) आहे की फोर्टात, १९९६ पासून. एअर इंडियाचा चित्रसंग्रहसुद्धा २०२३ ला एनजीएमएकडे द्यायचं ठरलं, त्यातही गायतोंडे आहेत. आधी ते भिंतीवर लावायला सांगा.

साधा_माणूस: एनजीएमएला तिकीट काढून जाणारा आधीच चित्रवाला असतो हो. मला अजून ते चित्र पटलेलं नाहीये, पण या एका मुद्द्यावर मी ठेच्याच्या बाजूने.

रंगाचा_डबा: हलवू नका एवढंच माझं. महिन्यातून एक रविवार नावं नोंदवून लोकांना आत सोडा, वीस-वीसच्या बॅचने, सोबत एखादा जेजे आर्ट स्कूलचा पोरगा द्या समजवायला.

वऱ्हाडी_ठेचा: समजवायला नको, उभं राहू दे लोकांना. बाकी रविवार चालेल, पण मग नागपूरवाल्याने विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर येऊन गेटवर रांग लावायची का? एक तरी चित्र वर्षभरासाठी इकडे पाठवा.

चाळकरी: पाठवलं आणि परत नाही दिलंत तर?