मदत हवी आहे: सातवीतल्या मुलाला रिक्षात आणि वर्गात चिडवतात, शाळेत जायला तयार नाही (कोल्हापूर)

बावड्याची_आई
नमस्कार. मुलगा सातवीत आहे, बोलताना अडखळतो. शाळेच्या रिक्षातली आणि वर्गातली चार-पाच पोरं त्याची नक्कल करतात, डबा काढून घेतात. आता त्याच्या प्रकट वाचनाचा व्हिडिओ काढून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलाय. दिवाळीपासून रोज सकाळी पोट दुखतं. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, पोटात काही नाही. बाई म्हणतात, "मुलं आहेत, चालायचंच." दीर म्हणतात तालमीत घाला. मिस्टर त्यातल्या एका पोराच्या घरी जाऊन जाब विचारायचा म्हणतायत. परवा तो "मी नसतो तर बरं झालं असतं" म्हणाला. शाळेत जाऊन भांडू, की शाळाच बदलू?

समुपदेशक_राजारामपुरी
ताई, शाळेचं उद्या बघू. परवाच्या त्या वाक्याचं आजच बघा.

त्याला सरळ विचारा: "तुला मरावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोराचं ओझं हलकं होतं. "असलं काही मनात नाही ना तुझ्या?" असं मात्र विचारू नका, त्याला "नाही" म्हणण्यावाचून वाटच उरत नाही. "हो" म्हणाला तर कसं, कधी, कशानं ठरवलंय तेही शांतपणे विचारा. ठरवलेलं काही असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) अपघात विभागात न्या. तातडीला ११२.

उत्तर काहीही येवो, घर आजच आवरा. बावड्यात बऱ्याच घरी मागच्या खोलीत तणनाशक, कीटकनाशक पडलेलं असतं. ते, उंदराचं औषध, आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, सगळं कुलपात घाला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. नुसतं फडताळावर उंच ठेवून भागत नाही. मुलांमध्ये जीव द्यायच्या विचाराची लाट पुष्कळदा अचानक येते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी काही न सापडणं यानंच जीव वाचतो.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "जिवाचं असेल तर मला सांगावं लागेल, पण तुला विचारून सांगेन" एवढंच म्हणा. आणि समोर बसवून उलटतपासणी नको. गाडीवर मागं बसवून रंकाळ्याला चक्कर मारताना, नाहीतर भाकऱ्या थापताना पोरं जास्त बोलतात. "तू का गप्प बसलास?" ऐवजी "रिक्षात कोण कुठं बसतं?" असं विचारा. पहिल्यात दोष त्याच्यावर येतो, दुसऱ्यात माहिती मिळते.

मिस्टरांना तेवढं थांबवा. त्या पोराच्या दारात भांडण झालं की ते पोर घरी मार खातं आणि त्याचा वचपा दुसऱ्या दिवशी रिक्षात तुमच्या मुलावर काढतं.

निवृत्त_मुख्याध्यापक
तोंडी तक्रारीचा शाळेत पुरावा राहत नाही, म्हणून "चालायचंच" ऐकावं लागतं. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या. "त्रास देतात" हा शब्द पुरेसा नाही. तारीख, वेळ, जागा, कोण, काय केलं, कुणी पाहिलं, असं ओळीनं लिहा.

मागणीही नेमकी हवी. रिक्षात त्याची जागा चालककाकांच्या शेजारी. मधल्या सुट्टीत जिन्यापाशी आणि स्वच्छतागृहापाशी शिक्षकांची पाळी, कारण त्रास बहुतेक तिथंच होतो. काही झालं तर मुलानं कुणाकडं जायचं, त्या एका शिक्षकाचं नाव. आणि आठ दिवसांनी आढाव्याची बैठक, तारखेसह.

शाळा एक गोष्ट हमखास करते: दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" म्हणते. याला अर्जातच नकार द्या. हे बरोबरीच्या दोन मुलांचं भांडण नाही. रोज ठरवून, चार-पाच जणांनी मिळून एकाला गाठणं आहे. तिथं हात मिळवला की त्रास फक्त नजरेआड जातो. दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलायला हवं, आणि बघून हसणाऱ्या मुलांशीसुद्धा, कारण ती हसायची थांबली की नकलेतली मजाच संपते.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं मुलाच्या मानसिक छळाला मनाई आहे, अर्जात तेवढा उल्लेख करा. शाळा हलली नाही तर पोहोच जोडून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं.

वकील_ताराराणी_चौक
व्हिडिओबद्दल. आधी स्क्रीनशॉट: ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ आणि खालच्या प्रतिक्रिया दिसतील असे. मग तो काढायला लावा. लोक रागानं आधी ग्रुप सोडतात, चॅट पुसतात, आणि पुरावा जातो. पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकून जाब विचारू नका, तो आणखी पसरतो.

त्याला एक गोष्ट जपून विचारा: कुणी चड्डी ओढली, नको तिथं हात लावला, कपडे काढतानाचा फोटो काढला? असं असेल तर ते चिडवणं राहत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ लागू होतो, पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे. असला फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका, फोन तसाच घेऊन पोलिसांकडं जा. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा फोन नंबर चोवीस तास चालू असतो.

बावड्याची_आई
अर्जाचं त्याला सांगितलं तर रडायलाच लागला. "तू शाळेत गेलीस की अजून मारतील" म्हणतो.

समुपदेशक_राजारामपुरी
त्याची भीती खरी आहे, ती खोडू नका. जायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण कसं ते त्याला ठरवू द्या. शाळा सुटल्यावर जायचं का? कुणाची नावं आधी द्यायची? कुठल्या बाईंवर त्याचा विश्वास आहे? अर्ज त्याला वाचून दाखवा. त्याच्या पाठीमागं काही केलंत तर पुढचं तो तुम्हाला सांगणार नाही.

तालमीचं म्हणाल तर, त्याला हौस असेल तर जरूर घाला. व्यायाम होतो, शाळेबाहेरचे दोस्त मिळतात. पण "चार डाव शीक नि हाणून ये" म्हणून घातलं तर मार खाल्ला हा त्याचाच कमकुवतपणा, असं त्याला वाटतं. शाळा बदलणं हा शेवटचा उपाय. अडखळणं तिथंही सोबत जाणार, म्हणून आधी त्यावर उपचार सुरू व्हायला हवेत.

वाचाउपचार_करणारी
अडखळतो तेव्हा "सावकाश बोल", "श्वास घे" म्हणू नका, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याच्याकडं बघत थांबा, स्वतःचं बोलणं संथ ठेवा. बाईंना सांगा: हजेरीला हात वर केला तरी चालेल, प्रकट वाचन सध्या जोडीनं, सूर मिळवून. दोघं एकत्र वाचतात तेव्हा अडखळणं बरंच कमी होतं. तोंडी परीक्षा वर्गासमोर नको, वेगळी घ्या.

बावड्याची_आई
औषधं कुलपात टाकली. विचारलं. "कधी कधी वाटतं, पण काही करणार नाही" म्हणाला. सोमवारी सीपीआरला नेते.

समुपदेशक_राजारामपुरी
बरोबर केलंत. सोमवारपर्यंत रात्री त्याच्या खोलीत कुणीतरी झोपा. मध्येच त्याला गलबलून आलं तर टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीत, दिवसरात्र. तुम्ही स्वतःसुद्धा लावू शकता.

सीपीआरला सकाळी लवकर केसपेपर काढून मानसोपचार विभागात जा. सोबत बालरोगतज्ज्ञांची फाइल, दिवाळीपासूनची झोप, जेवण, पोटदुखीची नोंद आणि अर्जाची प्रत न्या. डॉक्टरांना मुलाशी एकट्यानं बोलू द्या. गोळ्या दिल्या तर नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच कळवा, मनानं गोळी बंद करू नका. गोळ्याही त्याच कुलपात, रोजची रोज तुमच्या हातानं.