उतरवा, सोडा की कार्यमुक्त करा?

पाटीपेन्सिल:
मंडळी, एक शब्द हवाय आणि तातडीनं हवाय. माझ्या शब्दानं आमची कॉम्प्युटर लॅब आठवडाभर बंद पाडली.

परभणी जिल्ह्यातली शाळा, सेलूजवळची. १५ जुन्या मशिनी, ४० जीबीच्या डिस्क, २ जीबी रॅम. विंडोज रडायला लागलं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बसून सगळ्यांवर लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेलं. पोरांसाठी १२ पानांची मराठी पुस्तिका केली. त्यात अनमाउंटला, म्हणजे पेनड्राइव्ह उपसण्याआधी संगणकाला तो मोकळा करायला सांगण्याला, लिहिलं, "काम झालं की पेनड्राइव्ह उतरवा, मगच काढा."

नववीतल्या एका गुणी पोरानं हे तंतोतंत पाळलं. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, काठोकाठ गॅदरिंगचे व्हिडिओ. पोरानं तो सगळाच्या सगळा डेस्कटॉपवर उतरवून घेतला आणि मगच काढला. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होतंय, पासवर्ड घेतंय, पडदा क्षणभर काळा, की परत लॉगिनच्याच दारात उभं. मी आधी पासवर्डवर संशय घेतला, मग ग्राफिक्स ड्रायव्हरवर, मग (खोटं कशाला बोलू) पोरावर. शेवटी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर गेलो, डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारलं तर डिस्क १०० टक्के भरलेली. चिमूटभर जागा नाही म्हटल्यावर लॉगिन तरी कुठं टेकणार? व्हिडिओ उडवले, मशीन उठलं. तोवर हाच आजार आणखी तीन मशिनींना झालेला, कारण पुस्तिका सगळ्यांनीच वाचली होती.

पोराला विचारलं. म्हणतो, "सर, फळ्यावरचं उतरवून घ्या म्हणता ना, तसंच केलं."

त्याचं काय चुकलं? तर माउंट (डिस्क वापरात घेणं) आणि अनमाउंटला काय लिहू ते सांगा. 'सुरक्षितपणे काढा' सुचवू नका. काढणं वेगळं आणि अनमाउंट वेगळं, हेच तर शिकवायचंय.

शुद्धमती:
आरोहण आणि अवरोहण. 'डिस्क आरोहित आहे', 'डिस्क अवरोहित करा'. अर्थ नेमका आहे, शब्द आपल्याच घरातले आहेत आणि कुणाचीही नक्कल करावी लागत नाही. पोरांना कळत नाही ही सबब दर पिढीत दिली जाते. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसलेच होते.

लातूरची_लेक:
महापौर रोज पेपरात येतो हो, म्हणून रुळला. अवरोहण कुठं येणार? पोरं सा नी ध प म्हणून मोकळी होतील.

आणि सर, तुमच्या 'उतरवा'ची एवढ्यावर सुटका झाली हे नशीब. आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिनं मीठमोहऱ्या घेऊन पेनड्राइव्हची दृष्ट उतरवली असती आणि उतारा नेऊन तिकटीवर ठेवला असता. तलाठ्याला सांगितलं असतं तर सातबारा निघाला असता. एका 'उतार' शब्दावर मराठी माणसानं किती ओझं टाकलंय बघा.

टर्मिनलवाला:
गंमत अशी की पाटीपेन्सिल यांचा शब्द इतिहासाच्या हिशेबानं सगळ्यात बरोबर आहे. इथं माउंटचा घोड्याशी संबंध नाही. मोठ्या संगणकांच्या काळात टेपचं रीळ किंवा डिस्कची चळत ऑपरेटर हातानं यंत्रावर चढवायचा. अमुक नंबरची टेप चढवा, असा निरोप यायचा आणि काम झालं की ती उतरवायची. अक्षरशः चढवणे-उतरवणे. रिळं गेली, शब्द राहिला.

जाता जाता : कमांड 'यूमाउंट' आहे, 'अनमाउंट' नाही. मधला एन नाही. पुस्तिकेत तपासा, पोरं हमखास तिथं अडकतात.

पाटीपेन्सिल:
तपासलं. मीच अडकलो होतो. दुरुस्त केलं.

पण डाउनलोडला 'उतरवून घेणे' लोकांनी केव्हाच लावलंय. एकाच पानावर एक उतरवणं म्हणजे आणणं आणि दुसरं म्हणजे सोडणं, हे चालायचं नाही. इतिहास बरोबर असला तरी माझी डिस्क भरते.

आखाड्यावर:
सोडणं म्हणालात ना सर, तिथंच उत्तर आहे. जुंपा आणि सोडा.

बैल दावणीला बांधला म्हणजे घरी आला, एवढंच. दावणीला उभ्या बैलानं पेरणी होती का? त्याला जुंपावं लागतं. पेनड्राइव्ह खोचला की तो दावणीला लागला. आपोआप जुंपणं बंद असंल तर एलएसबीएलके (डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) मारून बघा, एसडीबी१ म्हणून गुमान उभा दिसंल, शेवटचा रकाना रिकामा. माउंट केला की त्याच रकान्यात फोल्डरचा पत्ता येतो. तो जुंपला. काम झालं की आधी जुपणी काढायची, मग दावं सोडून न्यायचा. जुपणी न काढता बैल हाणला तर तो जू घेऊन पळतो, आणि मोडतं ते जू. पेनड्राइव्हचंही तसंच, नुसकान होतं ते आतल्या फायलींच्या मांडणीचं.

आणि यूमाउंट करताना 'टार्गेट इज बिझी' आलं म्हणजे शेतातलं तास अर्ध्यात आहे, आत्ता सुटत नसतंय. कोण धरून बसलंय ते एलएसओएफ सांगतं. निम्म्या वेळा आपणच त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून बसलेलो असतो. स्वतः तिफणीवर उभं राहायचं आन् बैल का सुटंना म्हणून बोंबलायचं.

मोंढ्यावरचा:
आखाड्यावर भाऊ, एक नंबर. एक भर घालतो. पोरं म्हणतात कॉपीची पट्टी तर शंभरावर गेली, मग थांबायचं कशाला? त्यांना सांगा, आडतीवर काटा झाला, पट्टी हातात आली, पण पोतं अजून हमालाच्या पाठीवरच आहे. लिनक्स आधी माल रॅममध्ये घेतं आणि सवडीनं पेनड्राइव्हवर टाकतं. 'सिंक' मारलं की हमाल पळत सुटतो, आणि यूमाउंट करताना सगळी पोती टाकून झाल्याशिवाय गाडी हलत नाही. माझ्या पुतण्यानं लग्नाचे फोटो असेच घालवलेत. फाइलींची नावं सगळी होती, आत काही नाही. नवरी दिसलीच नाही.

लातूरची_लेक:
उपमा झकास आहे, पण जुंपणे म्हटलं की मला आमच्या वाड्यातल्या दोन जावाच आठवतात. 'पेनड्राइव्ह जुंपला' वाचून पोरगं विचारेल, कुणाशी?

आणि आता किती दारात बैल राहिलेत? नववीतल्या पोराला जुपणी माहीत असेल असं छातीवर हात ठेवून सांगा. आमच्याकडं सगळं ट्रॅक्टरवर. रोटा जोडतात, जुंपत नाहीत.

आखाड्यावर:
ताई, सेलूच्या पोराला पोळा कळतो. बाकी लातूरचं मी कसं सांगू.

शुद्धमती:
'जोडा' आधीच 'कनेक्ट'साठी वापरात आहे, म्हणून तोही बाद. जुंपणे ग्राम्य वाटतो, परंतु तो शुद्ध आहे हे मान्य केलं पाहिजे. मूळ संस्कृत युज्. व्याकरणकार हेमचंद्रानं बाराव्या शतकात प्राकृतात युज् धातूला 'जुप्प' असा आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारं रूप, सांगितलाय. जू हा युगावरून, जोत हा योक्त्रावरून. इंग्रजीतलं योकसुद्धा याच कुळातलं.

नांदेडी_नुक्ता:
जुंपणे तुमचं, पण दावण आमची. फारसी 'दामन'. एकाच्या दामनाला एक बांधलेले, म्हणून दावण.

शुद्धमती:
साफ चूक. संस्कृत 'दामन्', म्हणजे दोरी. त्यावरून दावं, त्यावरून दावण. दामोदर कोण ते आठवा. फारसीतला दामन म्हणजे पदर. बैलाला पदर नसतो.

नांदेडी_नुक्ता:
मान्य, मान्य. पदर गेला. पण एक सांगतो, शब्द पाडण्याचा कारखाना कसा असतो ते आमच्या घरानं पाहिलंय. आजोबा हैदराबादला उस्मानियात शिकले. १९१८ साली निघालेलं ते विद्यापीठ, सगळं शिक्षण उर्दूतून, डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंगसुद्धा. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचं वेगळं खातं काढलेलं, दार-उल-तर्जुमा. विद्वान माणसं गोळा करून अरबी-फारसीतून हजारो शास्त्रीय शब्द घडवले. आजोबा विजेच्या प्रवाहाला मरेपर्यंत 'बर्की रौ' म्हणायचे. वायरमन दारात आला की त्याला बर्की रौ समजावून सांगायचे, आणि तो बिचारा "फेज गेलाय आजोबा" म्हणून खांबावर चढायचा.

सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, पाठोपाठ शिक्षण इंग्रजीत गेलं, शब्द आजोबांपाशी राहिले. शब्द वाईट नव्हते, शुद्धमतीबाई. तुमच्या अवरोहणाइतकेच नेमके होते.

पाटीपेन्सिल:
हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. माझी पुस्तिकाही १५ मशिनींपुरतीच आहे म्हणा.

हजेरीपट:
एवढं दूर कशाला जाता? त्याच अरबी-फारसीतून आलेला, रोजच्या वापरातला आणि शासनमान्य शब्द आपल्याकडं आहे : रुजू.

'पेनड्राइव्ह रुजू झाला.' 'पेनड्राइव्ह कार्यमुक्त करा.'

बघा, सगळं बसतं. नुसता बदलीचा आदेश निघाला म्हणजे माणूस रुजू होत नाही. शाळेत यावं लागतं, मस्टरवर सही करावी लागते, तोवर तो फक्त गावात आलेला असतो. जाताना चार्ज दिल्याशिवाय कार्यमुक्ती नाही. 'टार्गेट इज बिझी' म्हणजे चार्ज अजून घेतलेला नाही. आणि न सांगता उपटून नेला तर रेकॉर्ड अपूर्ण राहतं आणि पुढचा माणूस वर्षभर निस्तरतो. मी निस्तरलंय. पोषण आहाराचं रजिस्टर होतं.

मोंढ्यावरचा:
मॅडम, दंडवत. हे जुंपण्यापेक्षा सरस आहे.

आखाड्यावर:
सरस कसलं? नियुक्त म्हणजे तरी काय? नि आणि युज्. आयुक्त? आ आणि युज्. आत्ताच शुद्धमतीताईंनी सांगितलं की जुंपणे युज् वरनं. म्हणजे नियुक्त झालेला गुरुजी मुळात जुंपलेलाच बैल. तुम्ही माझ्याच गोठ्यात येऊन बांधलाव.

हजेरीपट:
निवडणुकीच्या ड्युटीवर हे वर्षानुवर्षं जाणवत होतं. व्याकरण आज कळलं.

रोपवाटिका:
सगळे डिस्ककडंच बघायलाव, झाडाकडं कुणी बघंना. विंडोजसारखं सी वेगळं, डी वेगळं असं लिनक्समध्ये नसतं. एकच झाड, रूटपासून. डिस्क त्याच्या एखाद्या फांदीवर बसवायची. याला आम्ही कलम म्हणतो. मोसंबीचा डोळा खुंटावर भरतो तसं. डिस्क म्हणजे डोळा, आणि माउंट पॉइंट, म्हणजे ती बसते ते फोल्डर, ही खुंटावरची खाच.

टर्मिनलवाला:
कलम देखणं आहे. पण कलम सोडवून परत खिशात घालता येतं का? शिवाय त्या फोल्डरमध्ये आधीच फाइली असतील तर माउंट केल्यावर त्या झाकल्या जातात आणि यूमाउंट केलं की जशाच्या तशा परत दिसतात. मोसंबीत असं होत असेल तर कळवा.

रोपवाटिका:
नाही होत. पण तुमच्या बैलात तरी कुठं होतं?

वीजगेली:
मधेच येतो, माफ करा. शब्दाचं काही नाही, अडचण आहे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू लिनक्स. उबुंटूतून डी ड्राइव्ह उघडतो पण त्यात लिहू देत नाही. काल देत होता. लाईट गेली होती.

टर्मिनलवाला:
लाईटचा दोष बहुतेक नसावा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू आहे का? विंडोज ८ पासून हे असतं. शट डाउन म्हटलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि डिस्क आपल्याच ताब्यात ठेवतं. लिनक्सला ते कळतं, म्हणून ते फक्त वाचायला देतं. विंडोजमध्ये जा, पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा, पूर्ण शट डाउन करा, मग उबुंटूत या.

आखाड्यावर:
म्हणजे विंडोजनं बैल सोडलेच नाहीत, जुंपलेलेच बसवलेत. आता दुसऱ्यानं हाणायचे कसे?

हजेरीपट:
चार्ज न देता रजेवर गेलंय, असं सरळ म्हणा की.

वीजगेली:
झालं! धन्यवाद. रजेवरचं जास्त लवकर समजलं, पण वडिलांना बैलांचं सांगितलं.

पाटीपेन्सिल:
बरं, पुस्तिका उद्या झेरॉक्सला चाललीय. सध्या असं लिहिलंय : "पेनड्राइव्ह खोचला की तो आपोआप जुंपला जातो. काम झालं की नावाशेजारच्या त्रिकोणावर टिचकी मारून आधी सोडा, मग काढा." खाली बैलांचं चित्र काढतोय. कुणाची हरकत?

शुद्धमती:
'टिचकी' कॅरमला मारतात.

लातूरची_लेक:
'सोडा'वर हरकत. पेनड्राइव्ह कुठं सोडू, खाली?

आखाड्यावर:
चित्रात बैल काढालाव तर वर 'औत सुटलं' एवढंच लिहा. शहाण्याला तेवढं पुरं.

शुद्धमती:
औत की आऊत? आमच्याकडं औत म्हणतात.

आखाड्यावर:
आमच्याकडं आऊतच म्हणतेत, मी तुमच्यासाठी औत लिहिलं. आयुध, आउध, आऊत असं आमचे गुरुजी सांगायचे.

नांदेडी_नुक्ता:
आयुध कसं? आत्ताच तर युज् झालं ना? आयुक्त, आउत्त, आऊत असं का नाही?

हजेरीपट:
म्हणजे आता आयुक्तसुद्धा औत?