मदत हवी आहे: जुन्या काडतुसांतली दारू आणि छर्रे काढून पुन्हा भरायचे आहेत

नौपाडा_जुनावाडा
जरा घाईत आहे, शनिवारी मुरबाडला जायचंय. वाडा पाडायला काढलाय, माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी मिळाली. आत साठ-सत्तर काडतुसं आहेत. नवी मिळवताना काय दमछाक होते ते माहीत असणाऱ्यांना माहीत आहे. यातले छर्रे, दारू आणि तळाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोप्या काढून नव्या पुंगळ्यांत भरायच्या आहेत. भरायचं हातयंत्रही पेटीतच आहे. दारूचं माप किती धरायचं तेवढं सांगा. कायद्यावर प्रवचन नको.

येऊरची_पायवाट
कुठल्या बोअरची, म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप काय? काडतुसाची पुंगळी कागदी की प्लास्टिकची? बुडावर काय छापलंय? लायसन कुणाचं? यातलं काहीच न सांगता माप कसं सांगणार?

नौपाडा_जुनावाडा
बारा बोअर, हे मला वाटलं कळेलच. कागदी, लाल, फुगलेली. काही नुसती पितळी आहेत, लांब, टोकदार. बुडावर के एफ आणि रोमन सात.

कळवा_सुगरण
पितळ हिरवं पडलं असेल तर चिंचेचा कोळ आणि मीठ लावा. आमच्या समया दर दिवाळीला अशाच निघतात, अगदी लखलखीत.

खडकी_निवृत्त
ताई, भरलेलं काडतूस घासायचं नसतं. तळाच्या टोपीवर दाब आला तर ते हातातच उडेल. काच पुसायचं अमोनियावालं पाणीही लावू नका. इंग्रजांच्या काळी आपल्याकडे पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचे आणि पितळ आपोआप तडकायचं. कारण १९२१ मध्ये उलगडलं: जनावरांच्या मुतातला अमोनिया, हवेतला दमटपणा आणि पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण. काडतुसाचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. माळ्यावर किती पावसाळे काढलेत त्याने?

धागाकर्ते, के एफ म्हणजे आमचा खडकीचा दारूगोळा कारखाना. टोकदार आणि रोमन सात म्हणजे ती थ्री-नॉट-थ्रीची, लष्करी रायफलीची, शिकारीची नव्हेत. ती बाजूला ठेवा.

घणसोली_नेमबाज
उगाच घाबरवू नका हो. परदेशात लोक घरी भरतात, मी स्वतः पाहिलंय. जुनी दारू असेल तर माप थोडं कमी धरायचं, झालं.

खडकी_निवृत्त
कशापेक्षा कमी? परदेशात भरणारा नव्या डब्यातली दारू घेतो, त्यावर नाव असतं, त्या नावाचा तक्ता असतो. या पेटीत कुठली दारू आहे ते पाहून सांगता येत नाही. दिसायला सारखी, मापाने सारखी, पण एक हळू जळते आणि एक झटक्यात. बंदुकीच्या नळीला तो दाब सोसत नाही. त्यात धूरविरहित दारू वयाने कुजते. तिच्यात स्थिर ठेवणारा पदार्थ घातलेला असतो, तो संपला की आम्ल सुटतं, आणि आपल्याकडच्या उकाड्यात ते लवकर होतं. पेटी उघडल्यावर नाकाला आंबट, झोंबणारा वास आला का?

नौपाडा_जुनावाडा
हो, आला. मला वाटलं गंजाचा.

खडकी_निवृत्त
मग एकही उघडू नका. टोप्या काढणं तर सगळ्यात वाईट, त्या ठोक्यानेच पेटायला बनवलेल्या असतात. आणि फुगलेलं कागदी काडतूस तसंही नळीत बसत नाही.

येऊरची_पायवाट
लायसनचं उत्तर अजून आलं नाही.

नौपाडा_जुनावाडा
वडिलांच्या नावावर होतं. ते दोन वर्षांपूर्वी गेले. बंदूक डीलरकडे जमा आहे, वारस म्हणून माझा अर्ज चालू आहे. काडतुसं काकांसाठी हवीत, त्यांचं लायसन आहे. भात निसवलंय आणि रानडुकरं रात्रीत बांधच्या बांध लोळवतात. म्हातारा माणूस एकटा राखण करतो, कुणालाच त्याचं काही नाही.

शहापूर_भातवाला
आमच्याकडेही तेच. पण डुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते, नुसतं बंदुकीचं लायसन पुरत नाही. आम्ही सौर कुंपण घातलं, निम्मा त्रास कमी झाला. बॅटरी चांगली घ्या, आणि...

वाशी_वकील
कुंपणाचा वेगळा धागा काढा. प्रवचन नको म्हणालात, पण हे वाचा. शस्त्र कायदा १९५९ मध्ये काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायचं यंत्र हेही दारूगोळ्यातच मोडतात. म्हणजे पुंगळ्या, टोप्या, तुमचं हातयंत्र, सगळं. थ्री-नॉट-थ्री प्रतिबंधित बोअर आहे, ती ना तुमच्या लायसनवर बसतील ना काकांच्या. काकांच्या लायसनवर काडतुसांची संख्या ठरलेली असते, खरेदीची नोंद असते. बेनोंदी साठा सापडला तर अडकतील तेच.

कलम २१ प्रमाणे अशी वस्तू विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची. २०१६ च्या नियमांत वारसाला लायसन मिळायची सोय आहे, तुमचा अर्ज त्यातच असणार. तो या पेटीपायी घालवू नका.

घणसोली_नेमबाज
थ्री-नॉट-थ्री आहेत हे मी वाचलंच नव्हतं. माझं वरचं मागे घेतो. छर्रेसुद्धा काढू नका.

येऊरची_पायवाट
आणि पेटी स्कूटरवर टाकून ठाण्यात नेऊ नका. आधी फोन करा, काय सापडलं, कुठे, किती, ते सांगा. तोवर उन्हापासून, गॅसपासून लांब, न हलवता. पाडकाम थांबवा.

नौपाडा_जुनावाडा
सकाळी फोन केला. हात लावू नका, आम्ही येतो म्हणाले. दुपारी येऊन पंचनामा केला, मोजून ६४ भरली, त्यातली थ्री-नॉट-थ्री ११. हातयंत्रही दिलं. कागदावर सही घेतली, प्रत मागून घेतली. काकांना कळवलंय, ते वनखात्यात अर्ज देणार आहेत. भातवाले, कुंपणाचं व्यक्तिगत निरोपात कळवा.

एकच राहिलं. पेटीत आजोबांचा काडतुसांचा चामडी पट्टा आहे. तो ठेवला तर चालेल ना?

खडकी_निवृत्त
पट्टा खुशाल ठेवा. फक्त प्रत्येक कप्प्यात बोट घालून बघा. चामडं आकसतं आणि एखादं काडतूस आत रुतून बसतं.

नौपाडा_जुनावाडा
बघितलं. शेवटून तिसऱ्या कप्प्यात एक आहे. ठाण्यात परत फोन लावतोय.