निकालावरची नजर काढली आणि हात सुधारला, असे कुणाचे झाले आहे का?

मंगळवारपेठकर
काल कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाजवळून जाताना तीस वर्षांपूर्वीची तालीम आठवली. ओळीने चार जत्रांत मी चितपट झालो होतो, कारण सलामी झडण्याआधीच इनामाची रक्कम डोक्यात घोळत असे. वस्तादांनी महिनाभर मैदानच बंद केले, रोज एकाच जोडीदाराबरोबर फक्त एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडण्याचा डाव, आणि रात्री "पुढचा पाय कुठं पडला?" एवढाच प्रश्न. पुढच्या जत्रेत कुस्ती बरोबरीत सुटली, पण पाय कुठे पडला हे मला प्रथमच सांगता आले. आपले अनुभव लिहावेत.

नेमबाजाची आई
मुलीच्या गुणांची बेरीज तिच्याआधी मीच करत असे, हे कबूल करते. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपण गुणफलकाकडे पाहिले नाही, श्वासावर ताबा ठेवला, असे त्यांनी सांगितले होते. तेव्हापासून श्वास कधी रोखला, चाप कसा ओढला आणि गोळी सुटल्यावर रायफल स्थिर राहिली का, एवढेच ती वहीत लिहिते. वही मात्र मला दाखवत नाही.

गुऱ्हाळवाला
काहील, म्हणजे उसाचा रस उकळण्याची मोठी कढई, चुलवाणावर असताना मार्केट यार्डातल्या दराचे नाव काढलेले आमच्या गुळव्यांना खपत नसे. मळी निघाली का आणि पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी वळते का, हेच ते पाहत. दर चढला म्हणून वडिलांनी एकदा काहील लवकर उतरवायला लावली आणि त्या दिवशीच्या सगळ्या ढेपा मऊ राहिल्या.

रंकाळाकाठ
मळी काढायला अजून भेंडीच वापरता का? असल्यास दोन ढेपा ठेवाव्यात.

आता बँकेत
माझा अनुभव थोडा कडू आहे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे कारण मी दोन वर्षे नेमाने लिहिले, तरी स्पर्धा परीक्षा दोन गुणांनी हुकली. ती सवय आज हिशेब तपासताना उपयोगी पडते, परंतु त्यामुळे हुकलेली जागा भरून निघाली, असे मी म्हणणार नाही.

मंगळवारपेठकर
म्हणूही नये, ताई. आमच्या तालमीतही सगळ्यांच्या खांद्यावर गदा आली नाही. गुऱ्हाळवाले, ढेपा तीन धराव्यात.